तोंड गव्हाणीकडं

ज्या माणसाबद्दल लिहायला बसलो आहे त्याचा मला राग आहे. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढं हातून एखादं चांगलं वाक्य पडलंच तर कोणी भलता अर्थ काढू नये. मी चौथी शिकलेला माणूस. अमरावतीला एका जिनिंगमध्ये एकतीस वर्षं ऑईलमन होतो. सरकी काढणाऱ्या मशिनींना तेल द्यायचं, एवढंच काम. लोकांशी गोड बोलायचं काम घरात बायकोकडं होतं. ती गेली, तेव्हापासून ते काम कोणीच करत नाही.

तो आमचा घरमालक. अमरावतीतून भातकुलीकडं रस्ता निघतो तिकडं त्याचं घर. समोर अंगण, अंगणात टिनाचा गोठा, आणि मागच्या दोन खोल्या आमच्या. आम्ही राहायला गेलो तेव्हा गोठ्यात बैल नव्हते, मोटरसायकल होती. गावाकडची बैलजोडी म्हातारी होऊन गेली, बायको गेली, वावर बटईनं, अर्ध्या वाट्यानं, दुसऱ्याला कसायला दिलं आणि हा माणूस मोटरसायकल घेऊन शहरात आला. पण बैल त्याच्या डोक्यातून गेले नाहीत. गाडीचं नाव त्यानं बांड्या ठेवलं होतं, कारण उजव्या अंगाचा बैल बांड्या, पांढऱ्या पट्ट्यांचा होता. डाव्या अंगाची जागा रिकामी होती. मी पहिल्याच दिवशी माझी गाडी अंगणात लावली, तर यानं ती ढकलत गोठ्यात नेली, बांड्याच्या डावीकडं उभी केली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, "आता जोडी झाली."

मी म्हणालो, "मालक, ते गाडी माही हाय."

"मंग? एक बैल तुमचा, एक आमचा. सावड करून वाहत नाही काय लोक?"

तेव्हाच घर सोडायला पाहिजे होतं. बायको हसली, म्हणून राहिलो. बावीस वर्षं राहिलो.

बायकोचं माहेर मूर्तिजापूरच्या पुढं, पूर्णेच्या काठचं एक खेडं. या माणसाच्या मायचं माहेरही तेच निघालं. एवढं कळल्याबरोबर तो माझ्या बायकोला 'बाई' म्हणायला लागला, बहिणीला म्हणतात तसं. ती त्याला भाऊ म्हणायची. आणि मी झालो जवाई. माझ्याहून चार वर्षांनी मोठा असेल फार तर. पण दिवसभर चालू, जवाई, नळ गेला. जवाई, तुमची बनियान वाऱ्यानं उडाली, कुत्रं घेऊन बसलं हाय. गल्लीतला दूधवाला मला जवाई म्हणायला लागला, किराणावाला म्हणायला लागला. जिनिंगमध्ये माझ्या नावाला किंमत होती. मशिनीच्या आवाजावरून कोणतं बेअरिंग कोरडं आहे ते मी सांगायचो. आणि घरी आलो की साऱ्या गल्लीचा जवाई.

आमच्या वऱ्हाडात पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी असते. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा सुजलेला असतो. त्याला आंघोळ घालायची, खांद्याला हळद आणि तूप चोळायचं आणि त्याच्या कानात सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. हा माणूस ते मोटरसायकलीला करायचा. चोळायला खांदा नाही, तर काय करायचा? इंजिनचं तेल बदलायचा आणि तेलाचा फिल्टर बदलायचा. दरवर्षी, त्याच संध्याकाळी, दोन्ही गाड्यांचा. पहिल्या वर्षी मी म्हणालो, माझ्या गाडीला अजून वेळ आहे, तेल काळं झालं नाही. त्यानं तेल मोजायची दांडी काढली, बोटाला तेल लावलं, बोट जिभेवर ठेवलं.

"आंबलं हाय," म्हणाला.

"मालक, एकतीस... (तेव्हा नऊ झाली होती) नऊ वर्सं झाले मले तेलात. तेल आंबत नसते."

"तुमी तेल टाकता, जवाई. तेल समजत नाही तुमाले."

हे मला, ऑईलमनला. आणि माझ्याच बायकोसमोर.

त्याच्या रीती सांगतो. गाडी आधी गल्लीतून एक चक्कर फिरवून आणायची, म्हणजे तेल गरम होऊन पातळ होतं. मग खालचा नट खोलायचा आणि अर्धा तास हलायचं नाही. तेल थेंबाथेंबानं पडत राहतं, हा समोर उकिडवा बसून पाहत राहतो, पाणी पिणाऱ्या बैलाकडं पाहतात तसा. फडकं सुतीच पाहिजे, जुन्या धोतराचं. टेरीकॉट आणून दिलं तर फेकून द्यायचा, "यानं तेल पुसल्या जात नाही, नुसतं फिरते इकडून तिकडं." काढलेलं तेल गोठ्याच्या लाकडी खांबांना पाजायचं, वाळवी लागू नये म्हणून. जुने फिल्टर फेकायचे नाहीत. कंपाउंडच्या भिंतीवर ओळीनं ठेवायचे. आमच्या भिंतीवर काळेकुट्ट गोळे मांडलेले पाहून नवीन माणसाला वाटे की हे काहीतरी करणीचं घर आहे. एकदा मोलकरीण अर्ध्या कामातून पळाली.

चौकात गॅरेज होतं, तिथं गाडी न्यायची नाही. "दुसऱ्यानं आपल्या बैलाचा खांदा मळलेला कवा पाहला काय?" गॅरेजवाला आणि हा, दोघं समोरासमोर आले की एकजण रस्ता ओलांडायचा.

आणि सगळं झालं, तेल भरलं, की गाडी पाच मिनिटं चालू ठेवायची, जमिनीला कान लावल्यासारखं वाकायचं, टापांचा आवाज ऐकायचा, इंजिनच्या टॅपेटला तो टापाच म्हणायचा. मग हेडलाइटला हळदीचं बोट लावून म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." माझ्या गाडीलाही म्हणायचा. दुसऱ्या दिवशी बायकोच्या हातची पुरणपोळी पहिल्यांदा गाड्यांना. हेडलाइटला तूप लागलेलं असे, मुंग्या येत.

पोळ्याच्या दिवशी बैल जुंपत नाहीत. म्हणून पोळ्याच्या दिवशी गाड्या बाहेर काढायच्या नाहीत. हे मला माहीत नव्हतं. एका पोळ्याला जिनिंगमधून बोलावणं आलं, मशिनी उघडून ठेवल्या होत्या, साहेब येणार होते. मी गाडी काढली तर गेटला कुलूप.

"मालक, चाबी द्या."

"आज बैल जुपत नाही."

"बैल नाही ते! गाडी हाय!"

"कालच्या आवतनाच्या वक्ती तुमी उभे होते ना इथं? तवा नाही म्हनलं गाडी हाय म्हनून."

मी शिव्या दिल्या. लिहिण्यासारख्या नाहीत. त्यानं चाबी कमरेला खोचली आणि ओट्यावर जाऊन बसला. मी शेवटी गेटवरून उडी मारली, पँट फाटली, फाटक्या पँटनं चालत बडनेरा रोडपर्यंत गेलो. संध्याकाळी आलो तर बायको आणि तो ओट्यावर बसून हसत होते. ती म्हणाली, "भाऊनं तुमची पोयी झाकून ठेवली हाय. बैलायच्या बादची पहिली." मी जेवलो नाही. आज वाटतं, जेवायला पाहिजे होतं. त्याच्यासाठी नाही, तिनं केली होती म्हणून.

फिल्टर बसवायचं काम त्यानं मला कधी करू दिलं नाही. तिला शिकवलं. इंजिनच्या बाजूला एक झाकण असतं, त्याला तीन लहान बोल्ट. ते आठ नंबरच्या पान्यानं खोलायचे. आत स्प्रिंग आणि कागदाचा फिल्टर, जांभळाएवढा नाही, लहान पेरूएवढा. बोल्ट पुन्हा बसवताना जोरानं पिळले तर आटे जातात, आणि आटे गेले की इंजिनचं काही खरं नाही. मी एकदा पाना घेतला तर त्यानं माझ्या हातातून काढून बायकोच्या हातात दिला.

"जवायाचे हात गरम हायेत. जवाई पान्यासंग भांडते. बाई, तू धर. पोयी उलथते तसा हात ठेव. फुगली का थांब."

साठीला आलेली बाई, डोक्यावर पदर, हातात पाना. आणि खरं सांगतो, तिच्या हातून एकही आटा गेला नाही.

तो तिची परीक्षा घ्यायचा. फिल्टरला एका अंगानं भोक असतं, दुसरं अंग बंद. उलटा बसला तरी बसतो, झाकण लागतं, वरून काही समजत नाही. पण तेलाची वाट बंद होते आणि इंजिन कोरडं चालून जाम होतं. म्हणून तो विचारायचा,

"बाई, बैल कसा बांधतात?"

"तोंड गव्हानीकडं, शेपूट दाराकडं."

"अन् फिल्टर?"

"भोक इंजिनाकडं, पाठ रस्त्याकडं."

"अन् उलटा बांधला त?"

"उपाशी मरन, भाऊ."

दोघं दरवर्षी हे म्हणायचे, आरती म्हटल्यासारखं. मी टॉर्च धरायचो. माझ्या घरात, माझ्या गाडीजवळ, मी टॉर्चवाला.

मग ती आजारी पडली. त्या साली खांदमळणीला ती दवाखान्यात होती आणि मी तिच्याजवळ. गाड्या तशाच राहिल्या. तो दवाखान्यात आला, पलंगाजवळ उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, तू ये, मंग करू. तोवर बैल थांबतीन." थांबले बैल. ती घरी आली ती निजूनच. चैत्रात गेली.

जाण्याआधी मला तिनं एकच मागितलं. तिला बस लागायची. सारं आयुष्य माहेरी जायचं तर माझ्या गाडीवर मागं बसून, कारण बसमध्ये बडनेरा यायच्या आत तिला ओकारी. ती म्हणाली, "माही राख पूर्नेत सोडजा, माह्या गावाजवळ. अन् बसनं नेऊ नोका. मले बस लागते." मी म्हणालो, येडी झाली का, तवा कायची बस लागते. ती म्हणाली, "नाही, गाडीवरच न्याजा." मी हो म्हणालो, दारात उभ्या मालकासमोर. आयुष्यात तिनं काही मागितलं नव्हतं.

आता ज्यासाठी हे लिहितो आहे ते सांगतो. ज्या सकाळी ती गेली, अंगणात माणसं जमली, लेक अकोल्याहून आली, तिरडी बांधणं चालू झालं. आणि हा माणूस गोठ्यात बसून माझ्या गाडीचं तेल काढत होता. मी आधी पाहिलंच नाही. खांदा द्यायची वेळ आली, मी त्याला शोधलं, गावचा भाऊ म्हणून. तर हा उकिडवा बसलेला, कोपरापर्यंत हात काळे, मांडीवर धोतराचं फडकं, समोर बांड्याचंही तेल पितळीत पडून राहिलेलं.

मी म्हणालो, "मालक, उठा. खांदा द्याचा हाय."

त्यानं वर पाहिलं नाही. "खांद्याले चार जन हायेत. परवा बाई याच्यावर जानार हाय. याचा खांदा कोन मळन?"

असा माणूस. सारी गल्ली ऐकत होती. मी त्याच्या अंगावर जाणार होतो, लोकांनी धरलं. आम्ही तिला उचललं, पाय पुढं करून गेटमधून नेलं आणि तो तिथंच बसून राहिला. गेटमधून वळताना मी एकदा पाहिलं. हातात फिल्टर होता. बायको चालली आणि याच्या हातात फिल्टर.

तिसऱ्या दिवशी राख सावडली. लेक आणि तिचा नवरा बसनं पुढं गेले, माझा फोन आणि पूजेचं सामान लेकीजवळ. मी गाडगं मागच्या सीटवर, तिच्या जागी ठेवलं, तिच्याच जुन्या लुगड्याच्या पट्टीनं बांधलं. किक मारली आणि निघालो. गल्लीच्या टोकाला आरशात पाहिलं तर हा मागून धावत येत होता. हात वर केलेला, हात अजूनही काळे. मला वाटलं, आली आता लाज, माफी मागायला येतोय. खांदा दिला नाही त्याची माफी. मी म्हणालो, घे माफी. गाडीची मूठ पिळली आणि गेलो. आरशात तो लहान होत गेला, चौकाजवळ दिसेनासा झाला.

बडनेरा मागं पडलं. पाच-सात किलोमीटर गेलो असेन, इंजिनमधून वाळूसारखा आवाज आला, मग गाडीनं झटका मारला आणि मागचं चाक जाम झालं. पडता पडता वाचलो. गाडगंही वाचलं. किक खाली जाईना, दगडासारखी. चैत्राचं ऊन, आजूबाजूला काळं वावर, मैलभर झाड नाही. बसेस जात होत्या, थांबतही होत्या, पण बसमध्ये नेणार नाही असं बोललो होतो. तासभर उभा राहिलो. शेवटी कांद्याचा एक टेम्पो थांबला. ड्रायव्हर म्हणाला, "बाबा, समोर जागा नाही, मांगं बसा." मी कांद्याच्या पोत्यांवर बसलो, गाडगं मांडीवर. टेम्पो हलत होता. मला सारखं वाटत होतं की हिला आता मळमळत असेल. असली गोष्ट कोणाला सांगता येत नाही. तुम्हाला सांगितली.

गाडी माझ्या जावयानं अकोल्याला नेऊन मेकॅनिककडं टाकली. मी अमरावतीला दहाव्याच्या तयारीत होतो तेव्हा त्याचा फोन आला. "मामाजी, मेकॅनिक म्हनते फिल्टर उलटा बसवला होता. इंजिन खलास हाय."

उलटा! तोंड गव्हाणीकडं, तोंड गव्हाणीकडं, वीस वर्षं ज्यानं डोकं खाल्लं त्यानं उलटा लावला होता. मी गोठ्यात गेलो. तो भिंतीला टेकून बसला होता.

"फिल्टर उलटा लावला तुमी. माह्या बायकोची शेवटची खेप मोडली. कांद्यावर बसून गेली ते!"

तो उठला. "जवाई, म्या..."

"जवाई म्हनू नोका मले. बाई गेली. आता जवाई कोनाचा?"

तेरावं झालं आणि मी सामान उचललं. तो गेटजवळ उभा होता, मी त्याच्याकडं न पाहता टेम्पोत बसलो. अकोल्याला लेकीकडं आलो. इंजिन बांधून घेतलं, गाडी विकली नाही, पण चालवलीही फार नाही.

त्या साली खांदमळणीच्या संध्याकाळी फोन वाजला. पलीकडून एवढंच, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मी फोन आपटला. दुसऱ्या साली पुन्हा तेच, त्याच आवाजात. पुन्हा आपटला. लेक म्हणाली, "बाबा, बुढा मानूस हाय, बोला दोन शबद." मी म्हणालो, मी काय जवान हाय?

यंदा फोन आला नाही.

संध्याकाळचे पाच वाजले, सहा वाजले. मी ओट्यावर फोन हातात घेऊन बसलो होतो. बसल्या बसल्या संताप वाढत गेला. हा कोण मला न बोलावणारा? रागावलेला मी आहे, फोन बंद करायचा अधिकार माझा, त्याचा नाही. मग वाटलं, मेला असेल. तर त्याचाही राग आला. मला न सांगता कसा मेला?

मी दुकानातून तेल आणि फिल्टर आणला आणि लेकीच्या अंगणात गाडीसमोर बसलो. जावई म्हणाला, "मामाजी, सर्व्हिसिंगले टाकू ना सकाळी. तुमी कायले हात काये करता?" मी म्हणालो, घरात जा. गाडी फिरवून आणली, नट खोलला, शेवटचा थेंब पडेपर्यंत बसलो. तीन बोल्ट काढले. जुना फिल्टर बाहेर आला. नवा हातात घेतला आणि हात थांबला.

बसवून पाहा एकदा, म्हणजे कळेल. आतलं भोक समोर दिसतं. डोळ्यासमोर दिसतं. फिल्टरचं भोक हातात कळतं, बोट आत जातं. ज्यानं ते काम आयुष्यभर केलं त्याला उलटा बसवताच येणार नाही. आंधळा झाला तरी नाही. उलटा बसवायचा तर माणसाचं बोटही तिथं नको आणि डोळाही तिथं नको.

मग त्याचा डोळा कुठं होता?

मी गेटमधून वळताना त्याच्याकडं पाहिलं होतं. त्याच्या हातात फिल्टर होता, तेवढंच पाहिलं. तो कुठं पाहत होता ते मी पाहिलंच नव्हतं. आणि बदलल्यावर गाडी पाच मिनिटं चालू करून ऐकायची, तेही त्यानं केलं नाही. घरात मयत असताना गाडी कशी वाजवणार?

मला काही दया आली नाही. उलट अंगाची आग झाली. पाहायचं होतं तर खांदा देऊन पाहायचं होतं. गोठ्यात बसून कोणी पाहते काय? पण फिल्टर मी सुलटा बसवला. बोल्ट पोळीसारखे, फुगली की थांब. एक जास्त पिळलाच, हात गरमच माझे.

दुसऱ्या दिवशी पोळा. सकाळीच लेकीला न विचारता निघालो. मूर्तिजापूरला चहा प्यालो. बडनेऱ्याच्या अलीकडं, जिथं उभा राहिलो होतो तिथं गाडी हळू केली, थांबलो नाही. दहा-साडेदहाला त्याच्या गेटसमोर होतो. गेटला आतून कुलूप. मी हॉर्न दाबून धरला.

तो आला. अर्धा झाला होता. सदरा खांद्यावरून घसरत होता. मला पाहिलं, गाडीला पाहिलं आणि ओरडला, साऱ्या गल्लीत ऐकू जाईल असा.

"पोयाच्या दिवशी बैल जुपला? लाज नाही वाटत, जवाई?"

"आवतन काऊन नाही आलं यंदा?"

"दोन साल देल्लं. बैलबी दोन आवतनात समजते!"

गेट उघडलं नाही. गजातून हात काढून त्यानं इंजिनवर ठेवला आणि कान वाकवला. मी बंद केली नव्हती गाडी. बराच वेळ ऐकलं.

"टापा गोड हायेत. कोनं केलं?"

"म्या."

"हात पाहू."

मी काळी नखं दाखवली. मग सरळ म्हणालो, सांभाळून बोलणं मला येत नाही, "फिल्टर तुमी उलटा लावला होता. तिच्याकडं पाहत होते, म्हनून."

त्यानं गज धरला.

"मले मालूम हाय उलटा लावला त," तो म्हणाला. "तिसऱ्या दिवशी तुमी किक मारली ना, टापा कोरड्या वाजल्या. तवाच समजलं. बांड्या उघडा पडला होता, त्याच्यात तेल भराचंच राह्यलं होतं. म्हनून पायानं धावलो. हात करत धावलो, चौकापर्यंत. चप्पल सुटली." मग माझ्याकडं पाहून विचारलं, "आरशात पाहलं होतं का नाही तुमी मले?"

"पाहलं."

"मंग?"

दोन वर्षं मी त्याला शिव्या घातल्या, सकाळी दात घासताना घातल्या, जेवताना घातल्या. फिल्टर त्यानं उलटा लावला. पण मूठ मी पिळली. ती मागं बसलेली असताना.

त्यानं कुलूप काढलं.

"आत घ्या गाडी. तोंड गव्हानीकडं."

मी गाडी गोठ्यात नेली, बांड्याच्या डावीकडं लावली. ती जागा रिकामीच होती, झाडलेली. तो घरात गेला आणि ताटली घेऊन आला. पुरणपोळी त्यानं स्वतः केली होती. जाड, एकीकडं करपलेली, पुरण बाहेर आलेलं. एक तुकडा बांड्याच्या हेडलाइटला लावला, एक माझ्या गाडीच्या. उरलेली माझ्या हातात दिली. मी खाल्ली. बैलांच्या बादची पहिली.

"गूळ कमी हाय," मी म्हणालो.

"बाईनं मले पाना शिकवू देल्ला, पुरन नाही शिकवलं," तो म्हणाला. "तुमाले शिकवलं काय?"

"नाही."

"मंग खा गुमान."